सोळावी भाजी

एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी दोनच गोष्टींना घाबरलो. एक तपासणी पथक आणि दुसरं झुरळ. अमरावतीतल्या आमच्या कार्यालयात टेबलावर साधी मुंगी दिसली तरी मी शिपायाला हाक मारत असे, आणि तो बिचारा हातातलं काम टाकून मुंगीला कागदावर घेऊन बाहेर सोडून येत असे. असा माणूस निवृत्तीनंतर मातीत हात घालेल असं कोणाला वाटलं नव्हतं, माझ्या बायकोला तर नाहीच नाही. पण बाग करावी लागली, कारण महालक्ष्म्या आमच्या घरी यायच्या होत्या.

आमच्या घराण्यातल्या महालक्ष्म्या, म्हणजे इतरांच्या गौरी, अकोल्याला थोरल्या भावाकडे बसत. भाद्रपदात तीन दिवस सगळं खानदान तिथे गोळा व्हायचं. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो आणि वहिनी नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. त्या वर्षापासून महालक्ष्म्या वहिनींनी उचलल्या आणि मलाही उचललं. दादा गेल्यावर लोक म्हणाले, आता बंद करा. वहिनींनी ऐकून घेतलं आणि बंद केलं नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनीच संप पुकारला. विसर्जनाच्या दिवशी सगळे अंगणात बसलेले असताना त्यांनी सांगून टाकलं, "पुढल्या वर्षीपासून महालक्ष्म्या भाऊजीच्या घरी. माह्याच्यानं आता चुलीपाशी उभं राहणं होत नाई."

एवढं बोलून त्या आत गेल्या. मी मागोमाग पाणी प्यायला गेलो, तर त्या घासलेलं पातेलं पुन्हा घासत होत्या. मला पाहिलं तरी हात थांबला नाही. मला एकदम भरून आलं आणि भरून आलं की मी नेहमी करतो ते केलं. फुशारकी मारली.

"वहिनी, तुमी चिंता करू नका. सोळाच्या सोळा भाज्या घरच्या राहतील. बाजारातली एक काडी येणार नाई."

आता या सोळा भाज्यांबद्दल सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्यात सोळा भाज्यांची मिळून एक भाजी लागते. हल्ली बाजारात तिचा तयार वाटाच मिळतो. दोन भेंड्या, चार गवारीच्या शेंगा, लाल कोहळ्याची एक फोड, असं करत सोळा पूर्ण. लोक तो घेतात आणि देवीही काही म्हणत नसावी. पण वहिनींच्या घरात तो वाटा कधी आला नाही. कोहळं, दोडकी, पडवळ, कारलं, ढेमसं, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा, धोप्याची, म्हणजे अळूची पानं, अंबाडी, सगळं मागच्या परसातलं. जी बाई आयुष्यात कशाबद्दलच मिरवली नाही ती या एका गोष्टीबद्दल मिरवायची. आणि आता गुडघ्यांमुळे परसही सुटणार होतं आणि देवीही. मी दिलेल्या शब्दावर त्या हसल्या, पण त्यांनी तो शब्द धरून ठेवला हे मला कळलं. अकोल्याहून फोन आला की शेवटचा प्रश्न ठरलेला, "भाऊजी, बाग कशी हाये?"

बाग मी कार्यालयासारखी चालवायला घेतली. घराच्या मागे चांगली मोकळी जागा होती. आधी तिथला पालापाचोळा झाडून बाहेर काढला. दगड उचलून भिंतीला रांगेत लावले. वाफे दोरी धरून आखले, प्रत्येक वाफ्याला लाकडी पाटी ठोकली. मग एक नोंदवही केली. तीत तारीख, भाजीचं नाव, उंची आणि शेरा असे रकाने होते. बायको म्हणाली, "आवक-जावक राहिलं ना." मी तोही रकाना काढला.

शेजारी आमचे मिस्त्री राहतात. सुतारकामात त्यांच्या घराण्याचा हात अमरावतीत नावाजलेला आहे. त्यांच्या परसाची मात्र मला पहिल्यापासून चीड होती. जुन्या दारांच्या चौकटी, वासे, वाळकी खोडं यांचा ढीग आणि त्यात कसकसले किडे. निळसर पंखांचे मोठे काळे भुंगे तिथून निघून थेट माझ्या डोक्यावरून जायचे. जून महिन्यात एके सकाळी एक भुंगा माझ्या चहाच्या कपावर येऊन गुणगुणला आणि मी कुंपणापाशी जाऊन मिस्त्रींना चार शब्द सुनावले. लाकडं साधी लाकडं नसून ती किड्यांची धर्मशाळा झाली आहे, असं काहीतरी मी बोललो. मिस्त्री माझ्याच वयाचे. त्यांनी वाद घातला नाही. "ठीक हाये साहेब," म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या ढिगावर ताडपत्री बांधली. मला फार समाधान वाटलं. वहीत मी नोंदही केली.

जुलै संपता संपता बरबटीच्या वेलांवर मावा आला. शेंड्यांवर, कोवळ्या शेंगांवर काळ्या राईसारखे बारीक किडे, बोट लावलं की चिकट. आणि त्या माव्यातच मला ती दिसली. करंगळीच्या नखाएवढी लांब, काळपट अंग, त्यावर नारिंगी ठिपके, सहा पाय, अंगभर काटे. बसल्या जागी डोकं खाली घालून काहीतरी चावत होती. मगरीचं पिल्लू आणखी लहान करून वेलीवर सोडलं तर असंच दिसेल. मी चष्मा साफ करून पाहिलं तर एक नव्हती, पंधरावीस होत्या. जिथे मावा तिथे मगर. मावा नाही तिथे मगर नाही.

माझा निष्कर्ष तयार झाला. हा सगळा मावा या मगरींची प्रजा आहे आणि मुळावरच घाव घातला पाहिजे.

बायकोचा भुवया कोरायचा चिमटा मी मागून घेतला. कशाला हवा ते सांगितलं नाही. एका बरणीत साबणाचं पाणी घेतलं आणि रोज सकाळी साडेसातला मी मगरी वेचायला लागलो. ज्या माणसाला झुरळ सहन होत नव्हतं तो माणूस चिमट्याने काटेरी अळ्या धरत होता. मला स्वतःचा एवढा अभिमान पदोन्नतीच्या वेळीही वाटला नव्हता. नऊ दिवसांत एकशे त्रेचाळीस झाल्या. वहीत रोजचा आकडा आणि खाली बेरीज. एवढं करून मावा मात्र कमी होईना. उलट तो वाढला, वाल आणि गवारीवरही चढला. तेव्हा मी कृषी केंद्रातून औषधाची बाटली आणली आणि सकाळी नऊ वाजता, सगळ्या वेलींना फुलं उमललेली असताना, पंप पाठीला लावून बाग भिजवून काढली.

दोन दिवस बाग एकदम शांत झाली. एक माशी नाही, एक भुंगा नाही. मला वाटलं, जिंकलो.

मग मी बरणीचा फोटो काढून वहिनींना पाठवला. खाली लिहिलं, एकशे त्रेचाळीस. पाच मिनिटांत फोन आला.

"भाऊजी, हे बरणीत काय हाये?"

"मगरी," मी म्हणालो. "बरबटीवर होत्या. सगळ्या मारल्या."



"काहून मारलं त्यायले?" त्यांचा आवाज खाली आला होता. "ढालकिड्याचे पिल्लं होत ते. मावा खात होते ना ते. तुमचंच काम करून राहिले होते बिचारे."

वहिनींचं माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बागांचं. तिथे झाडांवर कोळशी पडते, पानंच्या पानं काळी होतात. त्यांचे वडील लहानपणी त्यांना खांद्यावर घेऊन बागेत फिरत आणि पानामागचे किडे दाखवत. हा खाणारा, हा त्या खाणाऱ्याला खाणारा. आपण ज्याला नारिंगी, गोल, गोड किडा म्हणून हातावर चढवतो, पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला, तोच ढालकिडा. त्याचं पिल्लू असं भेसूर दिसतं आणि मोठ्यांपेक्षा जास्त मावा खातं, हे वहिनींना पाचव्या वर्षी माहीत होतं. मला एकोणसाठाव्या वर्षी फोनवर कळलं. चोरीच्या जागी हजर असलेल्या पोलिसालाच मी रोज सकाळी साडेसातला धरून आणत होतो, आणि वर बेरीज ठेवत होतो.

"अन् हे औषध कधी फवारलं?" त्यांनी विचारलं.

"परवा. सकाळी."

"फुलं उमलली असताना?"

मी नोंदवहीची पानं चाळायला लागलो. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं. मला एकशे त्रेचाळीस मगरींपेक्षा ते "बरं"च जास्त लागलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला दिसत होतं, त्या मनात भाज्या मोजत होत्या आणि त्या सोळापर्यंत जात नव्हत्या.

पुढचे दिवस वाईट गेले. औषधाने आधी दबलेला मावा दुप्पट जोमाने परत आला. त्याला खाणारं कोणी राहिलंच नव्हतं. कोहळ्याच्या वेलीला बारीक फळं धरायची, चार दिवसांत पिवळी पडून गळायची. दोडक्याचं तेच, ढेमशाचं तेच. नोंदवहीतला शेऱ्याचा रकाना मी भरणं सोडून दिलं. बायकोने एकदा हळूच सुचवलं, "बाजारात वाटा मिळतो. वहिनींना कशाला कळतंय." मी तिच्यावर असा ओरडलो की मिस्त्रींच्या परसातली ठोकठोक थांबली. नंतर माफी मागितली. पण त्या दिवशी मला समजलं की हा आता माझ्या फुशारकीचा प्रश्न राहिला नव्हता. ज्या बाईने मला वाढवलं तिने स्वतःची देवी माझ्या भरवशावर सोडली होती.

फवारणीला बारा दिवस झाले आणि वहिनी स्वतःच आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी आणि काखेत स्टीलचा डबा. डब्याच्या तोंडाला झाकणाऐवजी जुन्या मलमलीचा तुकडा रबराने बांधलेला. ऑटोतून उतरल्या आणि पाणी घ्यायच्या आधी मला म्हणाल्या, "हे सावलीत ठेवा. उन्हात नाई."

डब्यात अकोल्याच्या परसात आपसूक उगवलेल्या बरबटीचे शेंडे होते, माव्यासकट, आणि त्यांवर मगरी. पन्नास तरी असतील. चारदोन मोठे ढालकिडेही होते. मलमलीच्या आत ते गोल गोल फिरत होते.

"कंडक्टरनं इचारलं, डब्यात काय हाये आजी," वहिनी पाय पसरून सांगायला लागल्या. "म्या म्हणलं, किडे. तो म्हणे, मजाक नका करू. म्या डब्बा त्याच्या नाकापाशी नेला. मंग अमरावतीपर्यंत माह्या बाजूले कोणी बसलं नाई. मस्त पाय लांब करून आली."

हसून हसून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. बऱ्याच दिवसांनी घरात कोणी हसलं होतं.

वहिनींनी लगेच किडे सोडले नाहीत. औषध अजून पानांवर असेल म्हणून दोन दिवस मला सगळे वेल साध्या पाण्याने धुवायला लावले. मग एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, बरबटीच्या एका ओळीवर ते शेंडे अलगद अडकवले. मगरी जरा वेळ थांबल्या आणि मग एकेक करून नव्या वेलीवर उतरल्या. मी चष्मा लावून पाहत होतो. एकीने माव्याचा किडा तोंडात धरला आणि शांतपणे चोखून खाल्ला. पाठोपाठ दुसरा. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर भूकही लागली.

दुसऱ्या दिवसापासून माझी बदली झाली. साहेब मी नव्हतो, वहिनी होत्या. बाजेवर बसून काठीने दाखवायच्या. बाहेर टाकलेला पालापाचोळा मी मिळेल तिथून परत आणून वाफ्यांमध्ये पसरला. भिंतीला लावलेले दगड पुन्हा बागेत ठेवले. आठवड्याने त्यांनी एक दगड उचलायला सांगितला. खाली चकचकीत काळे भुंगेरे होते, उजेड पडताच पळाले. मीही पळालो. "ते अंधारात फिरते अन् रोपं कुरतडणाऱ्या अळ्या खाते," वहिनी म्हणाल्या. "तुमी त्यायचं घरच झाडून काढलं होतं." समोरच्या गाईवाल्याकडून आणलेल्या शेणात शेणकिडे निघाले तेव्हा मी आपणहून विचारलं, यांना ठेवायचं ना? त्यांनी मान हलवली. शेण खाली नेऊन ते जमीन भुसभुशीत करतात म्हणे. कुदळीचं काम फुकट होत असेल तर माझी हरकत नव्हती. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वाफ्यात मी काड्या तोडायला गेलो तर काठी आडवी आली. सांबार फुलावर जाऊ द्यायचा, त्याची बारीक पांढरी फुलं ढालकिड्यांना आवडतात.

पण कोहळ्याचं फळ गळणं थांबेना. वहिनी एका सकाळी कोहळ्याच्या वेलीपाशी बसल्या आणि तासभर फुलांकडे पाहत राहिल्या.

"भाऊजी, या फुलाचं त्या फुलाले नेणारं कोणीच नाई आलं. एक माशी नाई. तुमच्या इकडं भुंगे नाई काय?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने कुंपणापलीकडच्या ताडपत्रीकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी मी मिस्त्रींकडे गेलो. आयुष्यात मी वरिष्ठांपुढे खूपदा मान खाली घातली आहे, पण किडे मागायला कोणाच्या दारात गेलो नव्हतो. मिस्त्री पाटाला रंधा मारत होते. मी इकडचं तिकडचं बोललो, पाऊस, रस्ते, त्यांच्या नातवाची शाळा. ते रंधा मारत राहिले.

"मिस्त्री, ते भुंगे," मी शेवटी म्हणालो. "आहेत का अजून?"

त्यांनी रंधा खाली ठेवला. "कावून साहेब? अजून तकरार हाये का?"

"नाही. हवे होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "सुनती क्या, साहब भुंगे माँगने आये." भाभी पदर सावरत बाहेर आल्या आणि दोघं मनसोक्त हसली. मीही हसलो, दुसरा मार्ग नव्हता. मग मी सगळं सांगितलं. महालक्ष्म्या, सोळा भाज्या, मगरी, औषध. मगरींपर्यंत मिस्त्री हसत होते. वहिनींचं सांगितलं तेव्हा गंभीर झाले.

"साहेब, एक बोलू? तुमी म्हणे, माह्याकडले किडे तुमच्याकडे येते. आमच्या भेंडीले, कारल्याले यंदा काईच नाई लागलं. तुमची भाभी म्हणे, भुंगे कुठी गेले. ते माह्याकडून निघाले अन् तुमच्याकडे जाऊन मेले." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त झोंबलं. माझ्या पंपाने कुंपण पाहिलं नव्हतं. मी त्यांची भाजीही घालवली होती, आणि दोन महिने मलाच तक्रारदार समजत होतो.

मी माफी मागितली. त्यांनी हात झटकला आणि मला परसात नेलं. ताडपत्री सोडली. ढिगाच्या पार मागे, भिंतीलगत, ताडपत्रीच्या बाहेर राहिलेलं शेवग्याचं एक वाळकं खोड उभं होतं. त्याला बोट जाईल एवढी गोल भोकं. "थोडे इथं वाचले," ते म्हणाले. सुताराला लाकूड पोखरणारा जीव का आवडावा, हे मी विचारलंच. "चांगल्या लाकडाले मी तेल-वार्निश मारतो, तिकडं ते जात नाई. खराब लाकूड त्यायचं. धंद्यात अशी वाटणी पायजेच."

अंधार पडायच्या आत भुंगे परतले. मग मिस्त्रींनी भोकांत कापसाचे बोळे बसवले, आणि आम्ही दोन म्हातारे ते खोड दोन टोकांना धरून कुंपण ओलांडून माझ्या बागेत घेऊन आलो. आतून गुणगुण ऐकू येत होती. मी दर दोन पावलांवर थांबत होतो आणि मिस्त्री मला हळू आवाजात हिंमत देत होते, "डरो मत साहेब, तेयले बी तुमचीच भीती हाये." कोहळ्याच्या वेलीमागे खोड उभं केलं, बोळे काढले आणि मी जरा घाईनेच घरात आलो. ढीग त्यांच्या परसात मोकळाच राहिला, ताडपत्री पुन्हा बांधली नाही.

तिसऱ्या सकाळी कोहळ्याच्या पिवळ्या फुलातून एक काळा भुंगा मागे मागे सरकत बाहेर आला, अंगभर पराग, आणि शेजारच्या फुलात शिरला. वहिनींनी मला हाक मारून ते दाखवलं. मी चहाचा कप घेऊन तिथेच उभा राहिलो. भुंगा डोक्यावरून गेला तेव्हा मी फक्त मान खाली केली.

त्यानंतर बाग वेगाने सुधारली. कोहळं धरलं, दोडकी धरली. कुंपणापलीकडून भाभींनी कारलं लागल्याची वर्दी दिली. वालावरचा आणि गवारीवरचा मावा उतरला. वहिनी रोज संध्याकाळी बोटांवर मोजायच्या. दहा. बारा. ढेमशाने शेवटपर्यंत रडवलं, पण दोन ढेमसं झाली. महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी पंधरा भाज्या पक्क्या होत्या.

सोळावी बरबटी. माव्याने वेलींचे हाल केले होते, शेंगा धरल्याच उशिरा. साऱ्या बागेत मिळून नऊ शेंगा होत्या आणि त्या नऊही त्या एकाच ओळीवर, जिथे वहिनींनी अकोल्याचे किडे सोडले होते. मूठभर भाजीला नऊ शेंगा पुरल्या असत्या. दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्यासाठी संध्याकाळी भाज्या तोडायच्या होत्या. मी टोपली घेतली, वहिनी काठी टेकत आल्या.

शेंगांवर मगरी नव्हत्या. त्यांच्या जागी लहान नारिंगी गोळे चिकटले होते, प्रत्येक शेंगेवर तीनचार, काही शेंगांवर जास्त. न हलणारे.

"कोष," वहिनी म्हणाल्या. "चार-पाच दिवसांत ढालकिडे निघतीन."

अळी असती तर उचलून दुसऱ्या वेलीवर ठेवता आली असती. कोष शेपटाशी चिकटलेला असतो, इतका नरम की ओढला की फुटतो. शेंगा तोडल्या की ते गेले. मी हिशेब केला आणि तो वहिनींच्या बाजूने केला. चाळीसहून जास्त वर्षांचा नेम. पन्नास किडे. किडे काय, पुन्हा येतील. मी पहिल्या शेंगेला हात घातला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या.

त्या बराच वेळ त्या ओळीपुढे उभ्या होत्या. गुडघे दुखत असणार, पण बाजेवर बसल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. एका शेंगेवरच्या कोषाला त्यांनी बोटाने अगदी हळू स्पर्श केला. तो किंचित उचलला गेला आणि पुन्हा टेकला.

"पह्यले मारले ते तुमाले मालूम नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता मालूम हाये."

"वहिनी, पण नेम."

"नेम माहा हाये ना? मंग मीच सांगतो. मले वाईट वाटून राहिलं, नाई कशी म्हणू. पण मी डब्ब्यात घालून आणलं यायले. जा, बाजारातून पावभर बरबटी घेऊन या. अन् भाव करू नका, उगा उशीर होईल."

मी गेलो. भाजीबाजारात तिसऱ्या दुकानापर्यंत मला शेंगा नीट दिसत नव्हत्या. डोळे पुसून पावभर घेतल्या, भाव केला नाही.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याचं ताट माझ्या बायकोने मांडलं. पुरणपोळी, आंबील, कढी, आणि मधोमध सोळा भाज्यांची ती एक भाजी. घर माणसांनी भरलं होतं. मिस्त्री आणि भाभी दारापाशी खुर्च्यांवर बसले होते. नवीन लुगडं नेसलेल्या वहिनी महालक्ष्म्यांसमोर उभ्या राहिल्या आणि सगळे ऐकायला पुढे सरकले, कारण चाळीस वर्षं त्या या वेळी मोठ्याने एकच वाक्य म्हणत आल्या होत्या, की सोळाही घरच्या आहेत, गोड मानून घ्या.

त्यांनी हात जोडले.

"बाई, पंधरा घरच्या हायेत," त्या म्हणाल्या. "एक विकतची हाये. शेंगाईवर लेकरं निजले होते, म्हणून नाई तोडल्या. गोड मानून घ्या."